दुसऱ्याच्या नावाचे स्वामित्व : एका मुद्रासंग्राहकाच्या निमित्ताने

१

मुद्रा ही वस्तू इतर संग्राह्य वस्तूंपेक्षा एका मूलभूत बाबतीत वेगळी आहे. चित्र, ग्रंथ किंवा भांडे एका हातातून दुसऱ्या हातात गेले म्हणून त्याचे चित्रपण, ग्रंथपण वा भांडेपण नष्ट होत नाही. मुद्रेचे तसे नाही. ती कुणाची तरी असते, आणि ती ‘कुणाची तरी’ असणे हाच तिचा अर्थ असतो. जिच्यावर माझे नाव कोरले आहे ती मुद्रा तुमच्या हातात गेली, तर दोनच शक्यता उरतात. एक तर तुम्ही माझ्या नावाने बोलू शकता, म्हणजे तोतयेगिरी करू शकता. किंवा ती मुद्रा मुकी होते आणि नुसता दगड किंवा नुसते पितळ होऊन पडते. पहिल्या शक्यतेचे नाट्य संस्कृत साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त राक्षसाच्या पत्नीच्या बोटातून गळालेली अंगठी चाणक्याच्या हाती लागते, आणि तेवढ्यावर एका निष्ठावंत अमात्याचा शब्द त्याच्याच विरुद्ध उभा करता येतो. दुसऱ्या शक्यतेकडे मात्र आपल्या समीक्षाविचाराने फारसे लक्ष दिलेले नाही. मुकी झालेली मुद्रा कुणाची? ती जवळ बाळगण्याचा, तिच्यावर प्रेम करण्याचा, तिचा अभिमान मिरवण्याचा अधिकार कुणाला असतो का? आणि असल्यास तो कशाच्या बळावर?

हा प्रश्न प्रथमदर्शनी पुराणवस्तूंच्या व्यवहारातला वाटेल. वस्तुतः तो साहित्यविचाराच्या अगदी जवळचा आहे. ग्रंथावरील लेखकाचे नाव, अवतरणाखालील नाव, संपादित संग्रहातील नावे या सर्व ठिकाणी आपण दुसऱ्याच्या नावाशी व्यवहार करीत असतो. या व्यवहाराची नीती कोणती, हे तपासण्यासाठी अठराव्या शतकातील एका चिनी व्यापाऱ्याचे उदाहरण येथे घेतले आहे.

२

वांग छीशू याचा जन्म १७२८चा. त्याचे मूळ घराणे दक्षिण आन्हुइमधील ह्वेइचौ प्रदेशातल्या शशिएनचे. तो स्वतः राहिला हांगचौमध्ये. डोंगराळ आणि शेतीला अपुऱ्या अशा या ह्वेइचौने मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात चीनला मोठमोठी व्यापारी घराणी दिली. राज्याच्या मक्तेदारीखालील मिठाचा व्यापार हा त्यांच्या संपत्तीचा मुख्य आधार होता, आणि वांगचे घराणेही मिठाच्याच व्यापारातले. या संपत्तीला एक सनातन सल होता. विद्वान-अधिकारी, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी या परंपरागत चतुःश्रेणीत व्यापारी सर्वांत खाली. व्यवहारात ही उतरंड केव्हाच ढिली झालेली होती, व्यापाऱ्यांची मुले परीक्षा देत, पैसे भरून पदव्या घेण्याची सोयही राज्याने केलेली होती, आणि वांग स्वतः बांधकाम व युद्ध या खात्यांत अधिकारपदावर होता. तरीही श्रेणीची भाषा टिकून होती आणि माणसाची किंमत करताना तीच वापरली जात होती.

अशा माणसाने संग्रह करावा यात नवल नाही. त्याच्या आधी दोनशे वर्षे च्याशिंग येथील श्यांग युआनपिएन (१५२५–१५९०) याने, सावकारीच्या पेढ्यांवर पोसलेल्या संपत्तीतून, चित्रांचा व हस्ताक्षरांचा असाधारण संग्रह केला होता. प्रत्येक चित्रावर तो स्वतःच्या मुद्रांचे ठसे उमटवी, एकेका चित्रावर डझनावारी, आणि काही ठिकाणी मोजलेली किंमतही टिपून ठेवी. १६४५मध्ये छिंग सैन्याने च्याशिंग लुटले तेव्हा तो संग्रह घराण्याच्या हातून गेला. ठसे मात्र चित्रांवर राहिले. श्यांगची मुद्रा म्हणजे मालकाची मुद्रा होती. दुसऱ्याच्या कृतीवर आपले नाव उमटवण्याचे ते साधन होते.

वांग छीशूची दिशा नेमकी उलटी आहे. तो दुसऱ्याच्या कृतीवर आपल्या मुद्रा उमटवीत बसला नाही; त्याने मुद्राच जमवल्या. प्राचीन मुद्रा जमवल्या आणि समकालीन कारागिरांकडून नव्या कोरूनही घेतल्या. त्यांच्या ठशांचा ‘फेइहुंगथांग यिनफू’ हा पाच भागांचा, चाळीस खंडांचा प्रचंड ग्रंथ १७४५ ते १७७६ या तीन दशकांत सिद्ध झाला. त्यात तीन हजारांहून अधिक मुद्रांचे ठसे आहेत. ‘यिनफू’ म्हणजे ठशांचा ग्रंथ, आपल्या भाषेत मुद्रासंहिता म्हणता येईल असा वाङ्मयप्रकार. ‘फेइहुंग’ म्हणजे उडता राजहंस. चिनी वाचकाला त्यातून सू शृ या सुंगकालीन कवीची, हिमचिखलात पाऊल उमटवून उडून जाणाऱ्या पक्ष्याची प्रतिमा आठवल्यावाचून राहत नाही. पक्षी नाही, पाऊल आहे. मुद्रा आणि ठसा यांच्या नात्याचे याहून समर्पक रूपक सापडणे अवघड.

३

येथे मुद्राकलेच्या इतिहासातील एका वळणाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हान काळात (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) मुद्रा कागदावर उमटत नसे. बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला मजकूर दोरीने बांधून गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबीत आणि त्यावर मुद्रा उठवीत. पत्र उघडायचे तर माती फोडावी लागे. म्हणजे ठसा हा अखंडतेची ग्वाही होता, आणि वाचनाच्या क्षणी तो नष्ट होणे हेच त्याचे कार्य होते. कागद आल्यावर लाल रंगाच्या लेपात बुडवून मुद्रा उमटू लागली आणि जे फुटण्यासाठी होते ते पाहण्यासाठी झाले. रक्षणाचे साधन दर्शनाची वस्तू झाले. सोळाव्या शतकात वन फंग (१४९८–१५७३) आणि त्याच्या परंपरेतील कारागिरांनी मऊ दगडाचा आश्रय केला. तोवर विद्वानाने अक्षर रेखाटायचे आणि हस्तिदंत वा धातू कोरणाऱ्या कारागिराने ते कोरायचे अशी विभागणी होती; दगडामुळे लिहिणारा आणि कोरणारा हात एक होऊ शकला. नावाऐवजी कवितेचा चरण, एखादे सुभाषित किंवा मनःस्थिती कोरलेल्या मुद्रा मोठ्या प्रमाणावर निर्माण झाल्या. त्या कुणाच्याही नावाने काहीही प्रमाणित करीत नाहीत. याच काळात, १५७२मध्ये, शांघायच्या कू घराण्याने प्राचीन मुद्रांच्या प्रत्यक्ष ठशांचा ग्रंथ अवघ्या वीस प्रतींत काढला आणि लगेच १५७५मध्ये त्याची लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली आवृत्ती निघाली. मुद्रा व्यवहारातून सुटून वाचनाचा विषय झाली ती अशी.

तात्पर्य, वांग ज्या वस्तू जमवीत होता त्यांचा अर्थ त्यापूर्वीच हललेला होता. संग्राहकाने मुद्रेला मुके केले, हे म्हणणे ऐतिहासिकदृष्ट्या अपुरे ठरते. मुके होऊ घातलेल्या वस्तूला त्याने निराळ्या प्रकारे बोलते केले, असे म्हणण्यास जागा आहे. पण हे समर्थन इतक्या स्वस्तात स्वीकारता येत नाही, कारण वांगच्या संग्रहात प्राचीन, नाव असलेल्या मुद्राही होत्या. त्यांच्या बाबतीत मूळ प्रश्न शाबूत राहतो.

४

या प्रश्नाची धार एका प्रसिद्ध आख्यायिकेत जाणवते. छ्येन युंग (१७५९–१८४४) या विद्वानाकडे ‘यांग युन’ ही दोन अक्षरे कोरलेली हानकालीन कांस्यमुद्रा होती. वांगने ती मागितली. छ्येनने नकार दिला. तेव्हा वांगने त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि मुद्रा मिळेपर्यंत उठण्याचे नाकारले. अखेर छ्येनने हसून ती देऊन टाकली. येथे वयाचा संदर्भ ध्यानात घ्यावा लागतो. वांग छ्येनपेक्षा तीस वर्षांनी मोठा होता. ज्या समाजात गुडघे टेकणे हे पुत्राने पित्यापुढे, प्रजेने राजापुढे करावयाचे कृत्य, तेथे वृद्धाने तरुणापुढे, तेही एका बोटभर धातूसाठी, असे करावे हे हास्यास्पद आणि भयंकर दोन्ही होते. वांग स्वतःला ‘यिन-फी श्येनशंग’, म्हणजे मुद्रांची व्याधी जडलेले महाशय, म्हणवून घेई. ‘फी’ हा शब्द मुळात वैद्यकातला. पोटात साकळून बसलेली गाठ असा त्याचा अर्थ. मिंग काळाच्या उत्तरार्धात त्याला सन्मान प्राप्त झाला. ज्याला कशाचेच वेड नाही त्याच्यात सच्चेपणाही नाही, अशी एक धारणा त्या काळच्या लेखकांत रूढ झाली. ज्यूडिथ झाइटलिन यांनी १९९१मध्ये या कल्पनेच्या वैद्यकीय आणि वाङ्मयीन वंशावळीचा विस्तृत मागोवा घेतला आहे.

आता यांग युन कोण होता ते पाहू. तो इतिहासकार सिमा छ्येन याच्या मुलीचा मुलगा. आजोबांचा ‘शृची’ हा महाग्रंथ त्यानेच लोकांसमोर आणला, असे हान राजवटीचा इतिहास सांगतो. पुढे त्याचे पद गेले. पदच्युतीनंतरही तो खुशाल राहतो, हे बरे दिसत नाही, असे कळवणाऱ्या सुन ह्वेइचुंग या मित्राला त्याने एक उद्धट, उघड पत्र लिहिले. ते पत्र त्याच्याविरुद्ध पुरावा ठरले आणि इ. स. पू. ५४मध्ये त्याला कमरेतून तोडून ठार करण्यात आले. म्हणजे ज्याने दुसऱ्याचा शब्द जगवला, तो स्वतःच्या शब्दापायी मारला गेला. अशा माणसाचे नाव कोरलेली मुद्रा ही साधी पुराणवस्तू राहत नाही. ज्या हाताने ते पत्र लिहिले, त्याच हाताने ही मुद्रा कधीतरी ओल्या मातीवर दाबली असेल, ही कल्पना कुणाही वाचणाऱ्या माणसाला अस्वस्थ करील.

मग वांगचे गुडघे टेकणे ही लालसा की वंदना? आख्यायिका याचे उत्तर देत नाही आणि तिचे मोल त्यातच आहे. त्याने गुडघे टेकले ते छ्येनपुढे, मुद्रेपुढे की यांग युनपुढे? देहाची कृती एकच असते. तिचे उद्दिष्ट तिच्यावरून वाचता येत नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्याला पैसे देऊन जवळपास काहीही घेता येत होते, त्या माणसाला येथे पैसा अपुरा पडला. व्यापाऱ्याचे साधन जेथे संपले तेथे त्याला याचक व्हावे लागले. या वस्तूची किंमत किमतीच्या भाषेत सांगता येत नाही, ही कबुली त्याच्या गुडघ्यांनी दिली. तिच्यात नम्रता आहे. आणि दुसऱ्याच्या नकाराला न जुमानणारी बळजोरीही आहे. कारण गुडघे टेकून बसलेल्या वृद्धाला नाही म्हणणे हे त्या संस्कृतीत जवळजवळ अशक्य होते.

५

येथे आधुनिक सिद्धान्ताकडे वळणे उपयुक्त ठरेल. बोद्रियार याने ‘वस्तुव्यवस्था’ या १९६८च्या ग्रंथात मांडलेला विचार असा की संग्राहक अंतिमतः स्वतःलाच जमवीत असतो. संग्रहातली शेवटची, नेहमी उणी राहणारी वस्तू म्हणजे तो स्वतः. वॉल्टर बेन्यामिनने १९३१मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना नेमका उलटा कल दाखवला : स्वामित्व हे वस्तूशी असलेले सर्वांत जिव्हाळ्याचे नाते होय, आणि संग्राहकामुळे वस्तूला उपयुक्ततेच्या जाचातून सुटका मिळते. मुद्रेच्या बाबतीत दोन्ही भूमिका अपुऱ्या पडतात. बोद्रियारला वस्तूवर कोरलेले नाव ऐकू येत नाही. बेन्यामिनच्या ग्रंथांना संग्राहकाखेरीज वाचकही असू शकतात, पण नाममुद्रेचा ‘उपयोग’ करू शकणारा अधिकारी एकच होता आणि तो मेला आहे.

देरिदाने स्वाक्षरीविषयी १९७१च्या व्याख्यानात केलेली विरचना येथे अधिक थेट लागू पडते. स्वाक्षरी एकमेवाद्वितीय क्षणाची ग्वाही देते असे आपण समजतो, पण तिला स्वाक्षरी म्हणून ओळखता यावे यासाठी ती पुनरावर्तनीय असावी लागते. म्हणजेच सही करणाऱ्याच्या अनुपस्थितीतही ती चालू शकली पाहिजे. मुद्रा ही या पुनरावर्तनीयतेची सर्वांत निर्लज्ज कबुली होय. ती मुळापासूनच हातापासून तुटलेली आहे. म्हणून तर तिची चोरी होऊ शकते आणि म्हणून तर तिचा वारसा चालू शकतो. ‘यांग युन’ ही दोन अक्षरे स्वतः होऊन हे सांगूच शकत नाहीत की हा तोच यांग युन, त्याच नावाचा दुसरा कुणी, की नंतरच्या कुणा चतुर माणसाने घडवलेला नमुना. ओळख मुद्रेत नसते. ती मुद्रेभोवती असणाऱ्या सांगण्यात असते. इतिहासात यांग युनचे पत्र नसते, तर त्या पितळेपुढे कुणी गुडघे टेकले नसते.

पण या सिद्धान्तातून ‘नाव कुणाचेच नाही, म्हणून ते कुणीही घ्यावे’ असा निष्कर्ष काढणे ही घाई होईल. विरचनेचा आधार घेऊन लेखकाच्या नावाची जबाबदारी झटकण्याची एक सोयीची सवय आपल्याकडील चर्चेतही दिसते. वस्तुतः निष्कर्ष उलटा निघतो. नाव स्वतःचे रक्षण करू शकत नसेल, तर ते ज्याच्या हातात पडेल त्याच्यावरील भार वाढतो. मालक जिवंत असता मुद्रेचे रक्षण हा त्याचा स्वार्थ होता. तो नसताना ते दुसऱ्या कुणाचे तरी कर्तव्य होते.

६

हे कर्तव्य वांगने पार पाडले काय? संग्रहाचा साधा पुरावा तपासला तर उत्तर मिश्र येते. त्याने मुद्रा पेटीत बंद ठेवल्या नाहीत, ठशांच्या रूपाने त्या इतरांपर्यंत पोचवल्या. मूळ वस्तू एकाचीच राहते, ठसा मात्र अनेकांचा होतो. मुद्रासंहिता हा म्हणूनच स्वामित्वातून निघालेला, पण स्वामित्व सैल करणारा प्रकार आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने मुद्रा कोरणाऱ्यांची चरित्रे लिहिली. त्याच्या आधी चौ ल्यांगकुंग (१६१२–१६७२) या अधिकारी-लेखकाने ‘यिनरन च्वान’, म्हणजे मुद्राकारांची चरित्रे, हा ग्रंथ लिहिला होता. त्यात विद्वानांबरोबर हान यूएसू या मुद्रा कोरणाऱ्या स्त्रीलाही स्थान होते. वांगने आपल्या ग्रंथाला त्याचेच ‘पुढील चरित्रे’ असे नाव दिले आणि त्यात शंभराहून अधिक मुद्राकारांची नोंद केली.

या नावनोंदणीचा नैतिक अर्थ मोठा आहे. मुद्रेवर नाव असते ते ती वापरणाऱ्याचे, घडवणाऱ्याचे नव्हे. कोरणारा हात त्या नावाखाली लपलेला असतो. पुढे मुद्रेच्या बाजूवर बारीक अक्षरांत कोरणाऱ्याने आपली नोंद करण्याची प्रथा पडली, पण ठशात ती बाजू उमटत नाही. वांगने या दुसऱ्या, न उमटणाऱ्या नावाला ग्रंथात आणले. ज्यांतले बरेच जण अन्यथा केवळ कारागीर म्हणून विसरले गेले असते, त्यांना त्याने चरित्र दिले. चिनी परंपरेत चरित्र मिळणे म्हणजे इतिहासात बसायला जागा मिळणे. ती जागा प्रथम निर्माण केली सिमा छ्येनने, आणि ती जनांसमोर आणली त्याच्या नातवाने, यांग युनने. वांग आणि त्या कांस्यमुद्रेचे खरे नाते बहुधा येथे जुळते.

तरीही दुसरी बाजू झाकता येत नाही. कुणाकडून कोरून घ्यावे, कुणाचे चरित्र लिहावे हे ठरवणारा पैसेवाला आश्रयदाता वांगच होता. संग्रह हा निवडीचा आणि म्हणून वगळण्याचा अधिकार असतो. हांगचौचा तिंग चिंग (१६९५–१७६५), जो पुढे च शैलीचा आद्यपुरुष मानला गेला, मद्यविक्रीवर गुजराण करी, आणि श्रीमंतांच्या शब्दासाठी दगडाला हात न लावण्याबद्दल त्याची ख्याती होती. अशा माणसाचा नकार हाही मुद्राकलेच्या इतिहासाचा भाग आहे. तो कोणत्याही मुद्रासंहितेत उमटत नाही. संग्रहाला फक्त होकार साठवता येतात.

७

वांगच्या काळात नावांचा आणखी एक मोठा संग्राहक होता. सम्राट छ्येनलुंगने (राज्यकाल १७३६–१७९५) वांगच्या मुद्रासंहितेला आरंभ झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १७४६मध्ये, राजवाड्यातील मुद्रांची छाननी करून पंचवीस राजमुद्रा निश्चित केल्या. प्राचीन छिन सम्राटाची म्हणून चालत आलेली एक मुद्रा त्याने संशयास्पद मानून बाजूला सारली. राज्याचा आधार सद्गुण हा आहे, मुद्रा नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. युक्तिवाद निर्दोष आहे. पण याच सम्राटाने १७७३पासून ‘चतुर्विध ग्रंथभांडारा’च्या निमित्ताने देशभरातील ग्रंथ मागवले. वांगने पाचशेहून अधिक ग्रंथ पाठवले आणि ज्या चार घराण्यांना बक्षीस म्हणून दहा हजार प्रकरणांचा राजकीय ज्ञानकोश मिळाला त्यांत त्याचे घराणे होते. याच उपक्रमाने असंख्य ग्रंथ आक्षेपार्ह ठरवून नष्ट केले. वांगने ज्याचा वारसा चालवला त्या चौ ल्यांगकुंगचे लेखनही वांगच्या हयातीतच, १७८७मध्ये, भांडारातून काढून टाकण्यात आले. स्वतः चौने १६७०मध्ये आपल्या ग्रंथांचे ठोकळे जाळले होते; त्याची मुद्राकार-चरित्रे मरणोत्तर छापली गेली ती पुत्रांमुळे.

दोन संग्रह येथे समोरासमोर येतात. दोन्ही प्रचंड, दोन्ही जतन करणारे. एकाने जतन करता करता नावे पुसली, कारण त्याच्या दृष्टीने संग्रहाचा अर्थ म्हणजे शेवटचा शिक्का आपला असणे. आपल्या भाषेत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आहे : शिक्का आरंभी, मोर्तब शेवटी, आणि त्यानंतर मजकुरात काही घालता येत नाही. सम्राटाच्या संग्रहाला हे मोर्तब हवे होते. वांगच्या संहितेला ते नको होते, किंवा निदान शक्य नव्हते. कारण तिचे प्रत्येक पान दुसऱ्याच्याच ठशाने भरलेले आहे.

यावरून एक निकष हाती लागतो. दुसऱ्याचे नाव जवळ बाळगण्याने अपराध घडत नाही. माझ्या हातात आल्यावर ते दुसऱ्याचे म्हणून वाचता येत नसेल तर अपराध घडतो. स्वामित्वाची नैतिक कसोटी हक्काच्या कागदावर लागत नाही, ती वाचनीयतेवर लागते. श्यांग युआनपिएनचे ठसे चित्रावर आहेत, पण चित्रकाराचे नाव त्यांखाली बुजलेले नाही. तो अहंकारी ठरेल, अपहर्ता नव्हे. सम्राटाच्या भांडारातून वगळलेल्या ग्रंथाबाबत असे म्हणता येत नाही. वांगच्या बाबतीत यांग युन हा यांग युनच राहिला. त्या मुद्रेने वांगने कुणाच्याही नावाने काही प्रमाणित केले नाही. तिच्या संदर्भात आपणही आज प्रथम मृताचे नाव घेतो, मग संग्राहकाचे.

समीक्षेचा व्यवहार याहून फारसा निराळा नाही. आपणही निवडतो, जमवतो, दुसऱ्याच्या वाक्यावर आपला ठसा उमटवतो. जेव्हा एखाद्या कवीचे नाव आपल्या सिद्धान्ताचे केवळ उदाहरण होऊन उरते, तेव्हा आपण चाणक्याच्या बाजूला असतो : अंगठी खरी असते, पत्र आपले असते. आणि जेव्हा आपल्या विवेचनातून वाट काढून वाचक त्या कवीच्या शब्दापर्यंत पोचू शकतो, तेव्हा आपले स्वामित्व क्षम्य ठरते. वांगच्या गुडघ्यांचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. छ्येन युंगने मुद्रा हसून दिली, पण आधी तो नाही म्हणाला होता. वाचनीयतेचा निकष मृताच्या नावाला न्याय देतो. ज्याच्याकडून ते नाव मिळवले त्या जिवंत माणसाच्या नकाराला तो पुरत नाही. त्यासाठी आणखी एका निकषाची गरज आहे, आणि आपल्या संग्रहविचारात त्याची जागा अद्याप रिकामी आहे.